आज रात्री बुडणारे पैसे

३१ डिसेंबर २०२५, बुधवार. एडिसन, न्यू जर्सी.

सकाळी ७.३०

चहा गॅसवर ठेवला की नाशिकला फोन लावायचा, हा रोजचा नेम. तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, बाबा फिरून आलेले असतात. आज त्यांच्याकडे बातमी होती. त्यांचं आयुष्मान वयवंदना कार्ड आलं. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार देणारी ही सोय ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली.

"हे कार्ड दाखवून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या मिळतील का गं?"

"नाही बाबा. दवाखान्यात भरती झालात तर ते चालेल. घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधंही त्यातच येतात. पण रोजच्या गोळ्या आपल्याच पैशांनी."

"मग रोज खिशात ठेवायला नको."

"ठेवा. कधी लागेल सांगता येत नाही."

कार्ड कशाला चालतं आणि कशाला चालत नाही, हे आज दिवसभर मी लोकांना सांगणार आहे. ओक ट्री रोडजवळच्या एका फार्मसीत मी फार्मासिस्ट आहे. औषध मोजून देण्याइतकाच वेळ इथे कार्डं उलगडून सांगण्यात जातो. वर्षाचा शेवटचा दिवस तर पूर्ण कार्डांचाच असतो.

सकाळी ९.००

शटर वर करताना दारात सहा माणसं उभी होती. सगळ्यांना आजच औषध हवं आहे, आणि त्यांचं बरोबर आहे. इथल्या बहुतेक विम्यांत वर्षाच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम आधी स्वतःच्या खिशातून भरावी लागते. तिला डिडक्टिबल म्हणतात. डिसेंबरपर्यंत ज्यांची ती भरून झाली आहे, त्यांचा आजचा खर्च थोडा. उद्या, एक जानेवारीला, गणित पुन्हा शून्यापासून.

विम्याचं कार्ड हातात आलं की मी आधी त्यावरचा बिन नंबर बघते. हा सहा आकडी नंबर फार्मसीवाल्यांनी बँकांकडून उचलला. त्याचं मूळ नाव बँक आयडेंटिफिकेशन नंबर. त्याच्यामुळे आमच्या संगणकाला कळतं, की ही मागणी कोणाच्या दारात न्यायची. काही सेकंदांत उत्तर येतं. होकार आला तर गिऱ्हाइकाचा वाटा दिसतो, त्याला कोपे म्हणतात. नकार आला तर आकडा येतो. ७५ म्हणजे विमा कंपनीची आधी परवानगी हवी. ७९ म्हणजे अजून वेळ झाली नाही, मागच्या गोळ्या शिल्लक असणार.

आज ७९ची रांग लागली आहे. एक काका हिरमुसले. "पैसे भरूनसुद्धा नाही म्हणतात?" मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि तारीख दाखवली. त्यांच्या गोळ्या ४ जानेवारीपर्यंत पुरतात. "काका, तुमचं मेडिकेअर आहे ना? मग घाबरू नका. २०२६मध्ये त्या योजनेतल्या औषधांवर तुमच्या खिशातून वर्षभरात २,१०० डॉलरच्या वर पैसे जाणार नाहीत. आणि इन्शुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या आतच राहील."

मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा. काका थोडे सैलावले. नकाराचं कारण समजलं की माणसाला अपमान वाटत नाही. मशीन फक्त नकार देतं, कारण सांगायला माणूस लागतो.

सकाळी १०.१५

आजी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. मूळच्या सांगलीकडच्या. नव्वदच्या दशकात मुलापाठोपाठ आल्या आणि इथल्या एका कारखान्यात पंधरा वर्षं पॅकिंगला उभ्या राहिल्या. दहा वर्षांच्या कामाचा कर भरला की पासष्टीनंतर मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग विनाहप्ता मिळतो. तो त्यांनी स्वतःच्या कमाईवर मिळवला आहे. आता ज्येष्ठांच्या इमारतीत एकट्या राहतात.

गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब त्यांनी काउंटरवर ठेवली. मग रुमालाची गाठ सोडून सुट्टे मोजायला लागल्या. क्वार्टरची चळत, डाइमची चळत. बोटं थरथरत होती. रुमालात एक प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात मेडिकेअर योजनेचं कार्ड, आणि त्याच्यामागे आणखी एक कार्ड. त्यावरचं स्टिकरसुद्धा काढलेलं नव्हतं.

"आजी, हे मागचं कार्ड कसलं?"

"विम्यावाल्यांनी जानेवारीत पाठवलं होतं. जपून ठेवलंय. अडीअडचणीला असावं."

ते पैसे भरायचं कार्ड होतं. मेडिकेअरच्या अनेक खासगी योजना सभासदांना असं कार्ड देतात. त्यावर दर महिन्याला किंवा दर तिमाहीला काही रक्कम जमा होते आणि तिच्यातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या वस्तू घेता येतात. मलमं, खोकल्याच्या गोळ्या, बँडेज, रक्तदाब मोजायचं यंत्र. कोणती वस्तू चालेल त्याची प्रत्येक योजनेची वेगळी यादी असते. कार्डामागच्या नंबरावर मी फोन लावला, आजींना त्यांची जन्मतारीख सांगायला लावली. शिल्लक १२५ डॉलर. दर तिमाहीला १२५ येत होते. न वापरलेले पुढच्या तिमाहीत जात नव्हते.

म्हणजे मार्चअखेर १२५ गेले, जूनअखेर गेले, सप्टेंबरअखेर गेले. ३७५ डॉलर. आणि या बाई गुडघ्याच्या मलमासाठी चिल्लर मोजत होत्या.

हे त्यांना कसं सांगावं, मला कळेना. आयुष्यभर ज्यांनी काटकसर केली, त्यांना जपून ठेवल्यामुळे नुकसान झालं असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तिमाही, बॅलन्स, एक्स्पायर, हे शब्द त्यांच्या कानांवरून वाहून गेले असते. मग एकदम सुचलं.

"आजी, गावाला रेशनचं रॉकेल आठवतं?"

"न आठवायला काय झालं! पहाटेपासून रांगेत उभी राहिलेय."

"महिनाअखेरपर्यंत उचललं नाही तर?"

"तर बुडालं. पुढच्या महिन्यात मागचं कोण देतंय?"

"हे कार्ड तसंच आहे. तीन महिन्यांचा कोटा. आजचा शेवटचा दिवस."

त्या गप्प झाल्या. कार्डाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि मागचं?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला. मोजलेली चिल्लर परत रुमालात बांधली, ट्यूब माझ्याकडे सरकवली. "ही बाजूला ठेव. घरी जाऊन बघते काय काय पाहिजे ते. शेजारणीला घेऊन येते संध्याकाळी."

"सातच्या आत या आजी. नक्की या."

सकाळी ११.४५

पुण्याचा एक मुलगा, संगणक कंपनीत कामाला. धापा टाकत आला. "ताई, एफएसएवर १८७ डॉलर उरलेत. काय घेऊ?"

एफएसए म्हणजे पगारातून करपूर्व कापून आरोग्यखर्चासाठी बाजूला काढलेली रक्कम. २०२५ साठी तिची कमाल मर्यादा ३,३०० डॉलर. तिची चांगली बाजू अशी, की वर्षभरासाठी ठरवलेली सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, पगारातून कपात व्हायची असली तरी. वाईट बाजू म्हणजे वर्ष संपलं की उरलेले पैसे मालकाकडे जातात. काही कंपन्या ६६० डॉलरपर्यंत पुढच्या वर्षात नेऊ देतात, काही १५ मार्चपर्यंत मुदत देतात. दोन्ही सवलती एकत्र मिळत नाहीत, आणि एकही देण्याची सक्ती नाही.

"आधी तुझ्या एचआरला विचारलंस का, मुदत आहे का ते?"

"विचारलं. काहीच नाही. आज रात्री बारापर्यंत."

मग आम्ही दोघं दुकानभर फिरलो. टूथपेस्ट त्याने टोपलीत टाकली, मी बाहेर काढली. रोजच्या स्वच्छतेच्या वस्तू यात बसत नाहीत. एसपीएफ पंधरा किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन बसतं. ताप-सर्दीची औषधं, थर्मामीटर, बँडेज बसतात. सर्वसाधारण आरोग्यासाठी घेतलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या बसत नाहीत. सॅनिटरी पॅड बसतात. तो म्हणाला, "बायकोला सांगतो, तिला माहीतच नसेल." मार्च २०२० पर्यंत ते खरोखरच बसत नव्हते. साध्या तापाच्या गोळीलाही २०११ पासून डॉक्टरांची चिठ्ठी लागायची. करोनाच्या पहिल्या महिन्यात झालेल्या कायद्याने दोन्ही अडचणी दूर केल्या.

गल्ल्यावर मी त्याला पडदा दाखवला. प्रत्येक वस्तूच्या बारकोडला आमच्या यंत्रणेत खूण असते, ही चालेल, ही नाही. यंत्र चालणाऱ्या वस्तूंची वेगळी बेरीज करतं आणि कार्डाच्या बँकेकडे तेवढीच मागतं. म्हणून एकाच टोपलीत चॉकलेट आणि तापाची गोळी असली तरी चालते. गोळीचे पैसे कार्डातून जातात, चॉकलेटचे खिशातून. किराणा दुकानांत आणि फार्मसीत ही यंत्रणा २००८-०९ च्या सुमारास सक्तीची झाली. त्याआधी पावत्या घेऊन लोक महिनोन्‌महिने कार्यालयाशी पत्रव्यवहार करत बसायचे.

त्याचे १८१ डॉलर खर्च झाले. जाताना मी त्याला एकच विनंती केली. "पुढच्या वर्षाचा आकडा ठरवताना यंदाच्या पावत्या घेऊन बस. अंदाजाने ठरवू नकोस. आणि पावत्या फेकू नकोस, कधी कधी मागतात. नाही दिल्या तर कार्ड बंद करून ठेवतात."

दुपारी १.३०

डबा. पोळी, मेथीची भाजी. दहा मिनिटं खुर्ची. आमच्या टेक्निशियनने तेवढ्यात चौदा बाटल्यांवर लेबलं लावली.

दुपारी २.१५

एक जोडपं आणि त्यांच्यासोबत मुलाचे आईवडील, कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेले. वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्या. प्रवासी विमा काढला आहे, पण त्यात आधीपासूनच्या आजारांची रोजची औषधं बसत नाहीत. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी आणली होती. मुलाने लगेच आपलं एचएसए कार्ड पुढे केलं.

मी त्याला थांबवलं. एचएसए हे कार्ड जवळपास साध्या डेबिट कार्डासारखं चालतं, म्हणूनच जपून वापरावं लागतं. हे आरोग्यखर्चाच्या बचतीचं खातं २००४ पासून आहे. यातले पैसे कधीच बुडत नाहीत, नोकरी बदलली तरी आपल्यासोबत येतात. पण ते फक्त स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि करविषयक अवलंबितांच्या आरोग्यासाठी. भारतात राहणारे आईवडील सहसा त्यात बसत नाहीत. पासष्टीच्या आत दुसऱ्या कशाला पैसे वापरले तर त्यावर कर आणि वर वीस टक्के दंड.

मुलाची बायको हळूच म्हणाली, "मागच्या महिन्यात मी चुकून त्याच कार्डावर किराणा आणला. दोन्ही कार्डं निळीच आहेत."

"खातं सांभाळणाऱ्या संस्थेला आजच फोन करा. चुकून काढलेले पैसे परत भरून घ्यायची सोय बऱ्याच संस्थांकडे असते. उशीर करू नका."

मेटफॉर्मिन ही जुनी, स्वस्त गोळी. सवलतीचं कूपन लावलं. गंमत वाटेल, पण त्या कूपनावरही बिन नंबर असतो, आमचा संगणक त्यालाही विम्यासारखंच विचारतो. तीन महिन्यांच्या गोळ्या मोजक्या डॉलरांत निघाल्या. मुलाने साध्या कार्डावर पैसे भरले. वडिलांनी बाटलीवरचं नाव तीन वेळा वाचलं, मग विचारलं, "हीच ना, जी मी तिकडे घेतो?" मी त्यांची भारतातली पट्टी आणि इथली बाटली शेजारी ठेवून औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम बोटाने दाखवले. तेव्हा कुठे त्यांनी बाटली खिशात टाकली.

दुपारी ३.४०

एक तरुण आई, कडेवर दोन वर्षांचं तापलेलं बाळ. ती स्पॅनिश बोलते. आमची टेक्निशियन डोमिनिकन आहे, ती पुढे झाली. बाईने तापाच्या औषधाची बाटली आणि फॅमिलीज फर्स्ट कार्ड पुढे केलं. हे न्यू जर्सीचं सरकारी अन्नसाहाय्याचं कार्ड. दिसायला बँकेच्या कार्डासारखंच, पण त्यावरच्या अन्नाच्या पैशांतून फक्त खाण्याचे पदार्थ घेता येतात. औषध नाही, व्हिटॅमिन नाही, साबण नाही, बाळाचे डायपरही नाहीत. या वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं, तेव्हा अन्नाचे पैसेसुद्धा याच कार्डांवर उशिरा आले होते.

तिच्या मागे पाच जण उभे. तिच्या मानेवर लाली चढली. तिने बाटली परत ठेवायला हात पुढे केला.

टेक्निशियनने तिचा हात धरला आणि तिला बाजूच्या खिडकीशी घेऊन गेली. बाळाचा विमा विचारला. न्यू जर्सी फॅमिलीकेअर होता. जानेवारी २०२३ पासून कमी उत्पन्नाच्या घरातल्या एकोणीस वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला, त्याचे कागद कसेही असोत, हा विमा मिळू शकतो. त्यात डॉक्टरांनी लिहून दिलं तर साधं तापाचं औषधही बसतं. मी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन केला. पंचवीस मिनिटांनी संगणकावर चिठ्ठी आली. कोपे शून्य. किती मिलिलिटर द्यायचं ते मी पिचकारीवर पेनाने रेघ मारून दाखवलं.

त्या पंचवीस मिनिटांत ती बाई खुर्चीवर बसून बाळाच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होती. रांगेतल्या एका मावशींनी आपली पाण्याची बाटली तिला दिली.

संध्याकाळी ५.००

फोनवर फोन. "उद्या उघडं आहे का?" "माझा नवा विमा उद्यापासून, कार्ड अजून आलेलं नाही." ज्यांचं कार्ड आलेलं नाही, त्यांच्याकडून मी विम्याच्या पत्राचा फोटो मागवते. बिन, त्याच्या जोडीचा पीसीएन, गट आणि सभासद क्रमांक, एवढं कळलं तरी औषध देता येतं.

एका बाईंनी विचारलं, "माझ्या कार्डावर भाजी-फळं मिळायची, उद्यापासून बंद म्हणे?" मेडिकेअरच्या काही खासगी योजना दीर्घ आजार असलेल्या सभासदांना २०२० पासून अन्नासाठीही पैसे देतात. शिवाय उत्पन्न कमी आहे एवढ्यावरच ते देता यावेत, अशी मुभा एका केंद्रीय प्रयोगात होती. तो प्रयोग आज संपतो आहे. "तुम्हाला मधुमेह आहे ना? मग योजनेला फोन करून विचारा, तुमच्या आजाराची नोंद त्यांच्याकडे आहे का. नसेल तर डॉक्टरांकडून अर्ज भरून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. एवढं सांगितल्याने त्यांची भाजी टिकेल की नाही, ते त्यांच्या योजनेवर आहे. पण न विचारता ती जाऊ नये.

संध्याकाळी ६.२०

मी सारखी दाराकडे बघत होते. बाहेर अंधार, थंडी. आणि आजी आल्या. सोबत शेजारीण, एक गुजराती बेन. आजींच्या हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, पाठीमागे यादी. जपणाऱ्या माणसाची यादी होती ती, एकही वस्तू हौसेची नाही.

मलम दोन. डोळ्यांत घालायचे थेंब. कॅल्शियम. टूथपेस्ट. सकाळच्या पुण्याच्या मुलाची टूथपेस्ट मी टोपलीतून काढली होती. आजींच्या योजनेच्या यादीत ती आहे, म्हणून ठेवली. बँडेज. खोकल्याच्या गोळ्या. शेवटी लिहिलं होतं, "बीपीचं मशीन, परवडलं तर."

"परवडेल आजी."

एकेक वस्तू स्कॅन करताना मी बेरीज त्यांना मोठ्याने सांगत गेले. शिल्लकेपेक्षा रक्कम वर गेली की कार्ड पूर्णच नाकारलं जाऊ शकतं, आणि त्यांच्या समोर ते होऊ द्यायचं नव्हतं. कफ सिरपची बाटली शेवटी बाजूला ठेवावी लागली. करासकट १२४ डॉलर ३१ सेंट.

"आता कार्ड तुम्ही लावा."

"मी?"

"तुमचंच आहे ना."

त्यांनी स्टिकर सोलून काढलं. ते नखाला चिकटलं, बेनने काढून दिलं. कार्ड मशीनमध्ये घातलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं आणि आम्ही तिघी श्वास रोखून उभ्या. मंजूर. पावती सरसरत बाहेर आली. आजींनी ती डोळ्यांजवळ धरली आणि खालची ओळ वाचली.

"एकोणसत्तर सेंट उरले."

"हो."

"ते बुडणार?"

"हो आजी."

त्यांनी काउंटरवरच्या वस्तू नजरेने मोजल्या, काही आणखी बसतं का म्हणून. एकोणसत्तर सेंटमध्ये त्यांच्या यादीतलं काही येत नव्हतं. मग बीपीच्या मशीनचा खोका त्यांनी पोटाशी धरला. "सकाळी कळलं तेव्हा लई वाईट वाटलं बघ. इमारतीत अजून चार जणी आहेत असलं कार्ड पेटीत ठेवलेल्या. जाताना त्यांचं दार वाजवते. अजून बारा वाजले नाहीत."

"आम्ही सातला बंद करतो."

"मोठी दुकानं आहेत की. बेनच्या नातवाकडे गाडी आहे."

रात्री ७.००

गल्ला मोजला, नियंत्रित औषधांचं कपाट बंद केलं, फ्रीजचं तापमान नोंदवलं.

निघण्याआधी आजींनी कार्डाचं पाकीट माझ्याकडे दिलं होतं. "पुढची तारीख लिहून दे. मराठीत लिही." मी जाड मार्करने लिहिलं: ३१ मार्चच्या आत उचलणे. त्याच्याखाली जून, सप्टेंबर, डिसेंबर. त्यांनी ते वाचलं, मान हलवली, आणि कार्ड पिशवीत आधी होतं तसं मागे न घालता सगळ्यांत वर ठेवलं.

गाडीत बसल्यावर मी नाशिकला निरोप टाकला. तिकडे नवीन वर्ष लागून पहाट व्हायची वेळ होत आली होती. "बाबा, तुमच्या कार्डावर काय मिळतं आणि काय नाही, ते एका कागदावर लिहून पाठवते. फ्रीजवर लावा."